जुनी गाडी टोचन दांडीने ओढून नेताना: बेळगाव, खानापूर, निपाणी भागातून वारंवार येणारे प्रश्न

खानापूर तालुक्यात एखाद्या वाड्याच्या पडवीत पद्मिनी उभी असते, चिकोडीकडे मळ्यातल्या पत्र्याच्या शेडखाली विलीज जीप, टिळकवाडीत बंद गॅरेजमध्ये आजोबांची ॲम्बेसेडर. सौदा ठरतो, पैसे दिले जातात आणि मग गाडी हलवायची कशी यावर सगळे डोकं खाजवतात. तेवढ्यात कोणीतरी म्हणतंच, "ट्रॅक्टर हाय की घरचा, लावूया टोचन." पुढचे प्रश्न त्यानंतरचे आहेत. टोचन म्हणजे बंद गाडी दुसऱ्या गाडीमागे जोडून ओढून नेणं, आणि टोचन दांडी म्हणजे त्यासाठी दोन्ही गाड्यांच्या मधे लावायची लोखंडी दांडी.

दोर, दांडी, क्रेन की फ्लॅटबेड? नक्की काय वापरू?

फ्लॅटबेड, म्हणजे अख्खी गाडी पाठीवर घेऊन जाणारा सपाट ट्रक, मिळत असेल आणि परवडत असेल तर तोच सांगा, बाकीचं वाचू नका. चारही चाकं जमिनीवरून उचलली गेली की बहुतेक धोके तिथेच संपतात.

दोर किंवा साखळी गाडी चिखलातून बाहेर काढण्यापुरती ठीक. रस्त्यावर दोर ढिला पडतो, मग ताणला जाताना हिसका बसतो, आणि चाळीस-पन्नास वर्षांच्या पत्र्याला तो हिसका सोसत नाही. पुढच्याने ब्रेक दाबला तर मागची गाडी सरळ त्याच्या डिकीत जाते. दांडीमुळे दोन गाड्यांमधलं अंतर कायम राहतं, एवढा तिचा मोठा फायदा.

क्रेनवाला बहुधा पुढचा बंपर धरून उचलतो. जुन्या क्रोमच्या बंपरला हे सांगायला जाऊ नका. मागून उचलायला लावलं तर मागची चाकं हवेत राहतात आणि गिअरबॉक्सची चिंता मिटते, मात्र तेव्हा पुढची चाकं सरळ ठेवून स्टिअरिंग घट्ट बांधावं लागतं.

माझ्या मते दांडी वापरायची ती वीस-पंचवीस किलोमीटरच्या आत, सपाट रस्त्यावर, दिवसाउजेडी. खानापूर ते बेळगाव हे अंतर त्यात बसतं. निपाणी ते बेळगाव बसत नाही: ताशी वीसच्या वेगाने पाऊणशे किलोमीटर म्हणजे जवळजवळ चार तास हायवेवर सगळ्यांच्या शिव्या खात जाणं.

सरळ दांडी आणि त्रिकोणी दांडी यात फरक काय?

सरळ दांडी म्हणजे दोन्ही टोकांना डोळा असलेला एकच पाईप, ट्रकवाले वापरतात तो. ती फक्त ओढते. मागच्या गाडीचं स्टिअरिंग मागच्या माणसालाच सांभाळावं लागतं.

त्रिकोणी दांडीचे दोन पाय मागच्या गाडीच्या चासीला दोन ठिकाणी बसतात आणि पुढचं टोक ओढणाऱ्या गाडीच्या बॉलवर, म्हणजे तिच्या मागे बसवलेल्या लोखंडी गोळ्यावर. दोन बाजूंनी धरल्यामुळे ती गाडीचं नाक वळवते, आणि पुढची चाकं आपोआप मागोमाग वळतात. त्यासाठी स्टिअरिंग मोकळं हवं. किंगपिन (पुढची चाकं ज्यांवर वळतात त्या पिना) ग्रीसविना सुकलेले असतील तर चाकं वळत नाहीत, घासत जातात. निघण्यापूर्वी मैदानात आठचा आकडा काढून बघा. चाकं एका बाजूला अडकून राहिली तर तो बेत रद्द.

कायदा याला परवानगी देतो का?

देतो, पण हौसेसाठी नव्हे. १९८९ च्या रस्ता नियमांपासून गाभा असा आहे: बिघडलेलं किंवा अर्धवट जोडणी झालेलं वाहन ओढायचं, तेही पोचवणीसाठी किंवा जवळच्या गॅरेजपर्यंत. मागच्या गाडीत ती गाडी चालवण्याचं लायसन असलेला माणूस बसलेला हवा, नाहीतर स्टिअरिंगची चाकं जमिनीवरून पक्की उचललेली हवीत. दोन गाड्यांमधलं अंतर ५ मीटरपेक्षा जास्त नको. मागच्या गाडीच्या पाठीवर पांढऱ्यावर काळ्या अक्षरांत, किमान ७५ मिलिमीटर उंचीचं, इंग्रजीत 'ऑन टो' लिहिलेलं हवं. त्या नियमांत वेगाची मर्यादा ताशी २४ किलोमीटर होती. २०१७ साली त्यांच्या जागी नवे मोटार वाहन चालन विनियम आले. तुम्ही वीस-पंचवीसच्या वर जाऊच नका.

परदेशी व्हिडिओंत त्रिकोणी दांडीवरची गाडी रिकामी जाताना दिसते. ते बघून आपल्याकडे तसं करू नका. मागे माणूस हवाच.

विमा आहे. काही झालं तर भरपाई मिळेल ना?

इथे बरेच जण फसतात. आपल्याकडच्या नेहमीच्या मोटार पॉलिसीत एक बिघडलेलं वाहन ओढण्याची मुभा असते आणि त्यातून तिसऱ्याचं नुकसान झालं तर ते धरलं जातं. दोन अटी मात्र आहेत. ओढण्याचे पैसे घेतलेले नसावेत, आणि ओढल्या जाणाऱ्या गाडीचं किंवा तिच्यातल्या सामानाचं नुकसान त्यात येत नाही. म्हणजे मित्राने बोलेरो लावून तुमची ॲम्बेसेडर आणली आणि वाटेत ती दुभाजकाला घासली, तर तिचा खर्च मित्राच्या पॉलिसीतून निघणार नाही. मित्राला डिझेलचे पैसे देण्याआधीही पॉलिसीचा कागद एकदा वाचून घ्या.

दांडी गाडीला बांधायची कुठे?

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. दांडी नवी असते, गाडी जुनी असते. तुटतं ते गाडीकडचं.

जीप सर्वात सोपी. खाली शिडीसारखी चासी, तिला पुढचा लोखंडी बंपर थेट बोल्टने लावलेला. बोल्ट चांगले असतील तर दांडीचे पाय तिथेच बसवा. स्टँडर्ड हेराल्डलाही वेगळी चासी आहे, पण तिचे पुढचे हात बारीक असतात, ते गंजलेत का हे बघावं लागतं.

पद्मिनी आणि ॲम्बेसेडर या गाड्यांना अशी वेगळी चासी नाही. बॉडी आणि खालच्या पेट्या मिळूनच सांगाडा तयार होतो. बंपर ज्या पट्ट्यांवर लटकतो त्या पट्ट्या बंपरचं वजन पेलण्यासाठी आहेत, गाडीचं नव्हे. दांडी त्यांच्या मागे, पुढच्या क्रॉसमेंबरच्या (गाडीखालच्या आडव्या तुळईच्या) आसपास जिथे पेटीचा पत्रा दुहेरी होतो तिथे बांधायची. सस्पेंशनचे खालचे हात, स्टिअरिंगचे रॉड, रेडिएटरची चौकट यांना साखळीचा वेढासुद्धा देऊ नका.

आता तपासणी. गाडीखाली आडवे व्हा, टॉर्च तोंडात धरा आणि मोठ्या स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने पेटीवर हळूहळू ठोकत पुढून मागे जा. 'टण्' आवाज आला तर पत्रा जिवंत आहे. 'थप्प' आला तर आत वर्षानुवर्षांचा चिखल, उंदरांचं घरटं आणि गंज. तिथे स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबा. वरून मारलेला काळा डांबरी थर अगदी शाबूत दिसतो, आणि टोक त्यातून तांबूस भुगा घेऊन आत जातं. जांबोटी, कणकुंबीकडच्या पावसात उघड्यावर राहिलेल्या गाड्यांत हे हमखास सापडतं. असा भाग सापडला की दांडीचा विषय संपला. "एवढ्यापुरतं वेल्डिंग मारून देतो" म्हणणाऱ्या मिस्त्रीला चहा पाजा आणि फ्लॅटबेडला फोन लावा. कुजलेल्या पत्र्याला वेल्डिंग धरत नाही, शेजारचा पत्रा मात्र जळतो.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत दांडी बनवून घेतली तर चालेल का?

हाताला कौशल्य असलेली माणसं तिथे भरपूर आहेत, तेव्हा बनवणं अवघड नाही. फक्त फाउंड्रीच्या गावात प्रत्येक गोष्ट ओतून घ्यायची सवय असते, ती इथे आवरा. साधं बिडाचं ओतकाम हिसक्याला तडकतं, आणि तेही आधी काही न सांगता. कपलर (बॉलवर बसणारं दांडीचं टोक) आणि डोळे घडाईचे किंवा जाड पोलादी प्लेटमधून कापलेले घ्या. जिथे पाय पुढच्या टोकाला मिळतात तिथे त्रिकोणी पट्टीचा आधार द्यायला सांगा, नुसत्या कडेच्या वेल्डवर विसंबू नका. बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा त्याहून वरचा आकडा कोरलेला असावा. डोकं कोरं असेल तर तो बोल्ट गेटला लावा. नट लॉकचे किंवा स्प्लिट पिनवाले.

दांडीचे पाय खालीवर हलण्यासाठी पिनवर बसलेले असावेत. घट्ट वेल्ड केलेली दांडी पहिल्याच स्पीडब्रेकरवर गाडीचं नाक वर-खाली पिळते.

बॉलवर कपलर बसला, म्हणजे झालं?

बसला आणि धरला यात फरक आहे. ५० मिलिमीटरचा बॉल आणि अमेरिकन मापाचा दोन इंची, म्हणजे ५०.८ मिलिमीटरचा, बॉल डोळ्यांना सारखेच दिसतात. दोन इंची कपलर ५० च्या बॉलवर सैल बसतो आणि खड्ड्यात उडू शकतो. बॉलवर माप कोरलेलं असतं, वाचा. लॅच बंद करून पिन घाला, मग दांडी दोन्ही हातांनी जोरात वर उचलून बघा. ओढणाऱ्या गाडीची मागची स्प्रिंग उचलली जायला हवी, कपलर नव्हे.

दांडी साधारण आडव्या पातळीत असावी. बॉल आणि मागची जोडणी यांच्या उंचीत तीन इंचांहून जास्त फरक असेल तर ब्रेक लावताना दांडी वर किंवा खाली ढकलते.

शिवाय दोन सुरक्षा साखळ्या. त्या दांडीखाली फुलीच्या आकारात घ्यायच्या, म्हणजे दांडी सुटली तरी जमिनीवर न आपटता साखळीत पडते. त्यांचं मागचं टोक दांडीला न बांधता गाडीच्या सांगाड्याला बांधा. वळताना ताणणार नाहीत एवढ्या सैल, रस्त्याला घासणार नाहीत एवढ्या आखूड.

ओढायला कोणती गाडी? ट्रॅक्टर चालतो का?

ओढणारी गाडी ओढल्या जाणारीपेक्षा जड असावी. पद्मिनीचं वजन ९०० किलोच्या आसपास, ॲम्बेसेडरचं ११०० च्या वर. बोलेरोला दोन्ही जमतात. ओम्नीने ॲम्बेसेडर ओढता येते, थांबवता येत नाही.

ट्रॅक्टर वेगाच्या बाबतीत उत्तम, आपल्याकडे घरोघरी असतो, आणि त्याची ओढ संपत नाही. अडचणी तीन. एक, ट्रॅक्टरची मागची चाकं हुकाच्याही मागे येतात, त्यामुळे आखूड दांडी असेल तर वळणावर मोठा टायर थेट दांडीवर चढतो. लांब दांडी घ्या आणि शेताच्या बांधावर वळतो तसं जागेवर वळू नका. दुसरं, ट्रॉलीची पिन हुकाच्या भोकात खडखडते. तेवढ्या ढिलाईतही प्रत्येक क्लचला हिसका बसतो, म्हणून योग्य जाडीची पिन शोधा. तिसरं, जोडणी नेहमी खालच्या ड्रॉबारला, म्हणजे ओढण्यासाठीच दिलेल्या पट्टीला. हायड्रॉलिकच्या वरच्या लिंकला बांधून ओढलं तर ट्रॅक्टरचं तोंड उचलतं.

आणि चालवायला घरातला सर्वात शांत माणूस बसवा. सर्वात उत्साही नको.

गिअर न्यूट्रलला टाकला की झालं ना?

नाही. पद्मिनी, ॲम्बेसेडर, हेराल्ड, सगळ्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या. चाकं फिरली की प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांपर्यंत जाणारा लांब दांडा) फिरतो आणि गिअरबॉक्समधला मुख्य शाफ्टही फिरतो. पण इंजिन बंद असल्याने त्याच्या खालचा दुसरा शाफ्ट, म्हणजे लेशाफ्ट, जागचा हलत नाही, आणि तेल उडवून वर पोचवण्याचं काम तोच करतो. म्हणजे वरचे भाग कोरडे फिरत राहतात. गल्लीतून गॅरेजपर्यंत काही होत नाही. पाच-सात किलोमीटरच्या वर जायचं असेल तर शाफ्ट उतरवा.

मागच्या फ्लँजवर आणि शाफ्टवर रंगाची एक आडवी रेघ मारा, म्हणजे परत तसाच बसेल. मग बोल्ट काढून शाफ्ट खाली घ्या. काही गाड्यांत शाफ्टचं पुढचं टोक गिअरबॉक्सच्या शेपटीत सरकवलेलं असतं. ते बाहेर काढलं की तेल गळू लागतं. त्या तोंडावर दुधाची जाड पिशवी घालून वरून रबराने आवळा. बोल्ट डब्यात घालून डबा त्याच गाडीत ठेवा, खिशात नको.

एक धोका लक्षात ठेवा. शाफ्ट काढल्यावर गाडी गिअरमध्ये टाकून उभी राहत नाही. जुन्या विलीज जीपमध्ये तर हँडब्रेकही ट्रान्स्फर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) मागे, शाफ्टवरच असतो, म्हणजे तोही गेला. आधी चाकांना दगड लावा, मग गाडीखाली शिरा.

मारुती ८०० पुढच्या चाकांवर चालते. तिला शाफ्ट काढण्याचा प्रश्नच नाही. कमी अंतर, कमी वेग आणि गिअरबॉक्समध्ये तेल आहे ना एवढं पाहा.

चाकं, ब्रेक, टायर यांचं काय?

प्रत्येक चाक जॅकवर उचलून हाताने फिरवा. खरखर आली तर बेअरिंग काढा, रॉकेलने धुवा, नवं ग्रीस भरा. अनेक वर्षं उभ्या गाडीत ब्रेकचे शू ड्रमला चिकटलेले असतात; मोकळं वाटणारं चाकही किलोमीटरभर गेल्यावर तापतं. ब्रेक चालत नसेल तर निदान अडकत तरी नाही याची खात्री हवी.

टायरवर नक्षी भरपूर असेल, तिच्याकडे पाहू नका. बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. असे आकडेच सापडले नाहीत तर टायर फार जुना आहे असं समजा. बाजूच्या भिंतीला भेगा असतील तर ओढण्यापुरते तरी दुसरे टायर घाला.

किल्ली कुठे ठेवायची? दिवे कसे लावायचे?

स्टिअरिंग लॉक असेल तर किल्ली आत ठेवून लॉक उघडा हवा, पण इग्निशन पूर्ण चालू ठेवू नका. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट एकमेकांना टेकलेल्या स्थितीत थांबलेले असतील तर कॉइलमधून सतत करंट जाऊन ती तापते आणि जळते. कॉइलची एक वायर काढून ठेवली की काम भागलं.

दिव्यांसाठी जुन्या गाडीच्या वायरिंगला हात लावू नका. काही जुन्या गाड्या ६ व्होल्टच्या आहेत, आणि ब्रिटिश वळणाच्या काहींमध्ये बॅटरीचं धन टोक बॉडीला असतं. एका फळीवर दोन टेललाइट, इंडिकेटर आणि ब्रेकलाइट बसवा, वायर पुढच्या गाडीतून आणा, फळी मागच्या डिकीला बांधा. 'ऑन टो'चा फलकही त्याच फळीवर.

मागच्या गाडीत बसणाऱ्याने नेमकं काय करायचं?

त्रिकोणी दांडी असेल तर स्टिअरिंगवर हात हलके ठेवायचे, ते फिरेल तसं फिरू द्यायचं. सरळ दांडी असेल तर पुढच्याच्या चाकोरीत चालवायचं. जुन्या बहुतेक गाड्यांच्या ब्रेकला सर्व्हो (इंजिनच्या जोरावर पायाचा दाब वाढवणारं साधन) नसतो, त्यामुळे इंजिन बंद असलं तरी पेडल नेहमीसारखंच लागतं; उतारावर हलका दाब दिला तर पुढच्याला मोठी मदत होते. फोन चालू ठेवून बोलत राहण्यापेक्षा हॉर्नच्या खुणा ठरवा: एक म्हणजे हळू, दोन म्हणजे थांब. बॅटरी नसेल तर तोंडाची शिट्टी चालते, पण ट्रॅक्टरवाल्याला ती ऐकू जाणार नाही.

रस्त्यावर आल्यावर?

पहिले दोन-तीन किलोमीटर गेल्यावर थांबा. चारही हबला, म्हणजे चाकांच्या मधल्या भागाला, हाताचा तळवा लावा. कोमट ठीक, हात पटकन मागे घ्यावा लागला तर ते चाक अडकतंय. बोल्ट पुन्हा आवळा, साखळ्या बघा. मग दर आठ-दहा किलोमीटरला हेच.

वळण मोठं घ्या, मागची गाडी आतून कापत येते. गाडी डुलायला लागली तर पाय ॲक्सिलरेटरवरून काढा, ब्रेक जोरात मारू नका. आणि रिव्हर्स घ्यायचा नाही. मागे ढकललं की पुढची चाकं उलटी वळतात आणि दांडी वाकते. चुकीच्या गल्लीत शिरलात तर दांडी सोडा, गाडी हाताने ढकला, पुन्हा जोडा. म्हणून पेट्रोल पंप आणि चहाची टपरी, दोन्ही जागा आतून फिरून बाहेर येता येईल अशाच निवडा.

गोव्यातून गाडी घेतली आहे. चोर्ला घाटाने आणू का?

दांडीवर नाही. चोर्ला नाही, आंबोली नाही, अनमोडही नाही. चढावर ओढणाऱ्याचा क्लच जातो आणि उतारावर मागची गाडी पुढच्याला ढकलते. वळणात ढकललं तर दोन्ही गाड्या कात्रीसारख्या मिटतात. हायवेवरचे वंटमुरी आणि तवंदीचे उतार रुंद आहेत, पण तिथे मागून येणाऱ्या ट्रकच्या वेगाचं भय जास्त. जावंच लागलं तर उतार सुरू होण्याआधी खालचा गिअर टाका, मध्येच नव्हे.

उसाच्या हंगामात किंवा पावसात काढली तर?

हंगामात संकेश्वर, चिकोडी, निपाणी पट्ट्यात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्री रिफ्लेक्टरशिवाय चालतात. त्यांच्या मधे तुमची बिनदिव्याची जोडी नको. सकाळी नऊ ते चार ही वेळ धरा. पावसात लाल मातीच्या रस्त्यावर ब्रेक लावला की जोडी आडवी होते. थांबा, उघडीप पडू द्या.

महाराष्ट्रातून आणतोय. सीमेवर कोगनोळीला किंवा शिनोळीला अडवलं तर?

आरसी, विमा, विक्रीचे फॉर्म २९ आणि ३०, दुसऱ्या राज्यातल्या आरटीओची फॉर्म २८ वरची ना-हरकत, हे सगळं ओढणाऱ्या गाडीत ठेवा. दुसऱ्या राज्याची गाडी बारा महिन्यांहून जास्त इथे ठेवायची तर इथला नंबर घ्यावा लागतो. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपातली गाडी २०२१ च्या नियमाप्रमाणे व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. शुल्क २०,००० रुपये, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. मात्र ती नंतर रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालवता येत नाही. भाजी आणायला तीच गाडी न्यायची हौस असेल तर आधी विचार करा.

वाटेत दांडीवरच दुसरा गिअर टाकून इंजिन चालू करून बघू का?

बघू नका. वर्षानुवर्षं न फिरलेल्या इंजिनात सिलिंडर कोरडे असतात, रिंगा चिकटलेल्या असतात. चाकांच्या जोराने ते फिरवलं तर ओरखडे पडतात किंवा मागची चाकं जागेवर लॉक होतात. आणि समजा चालू झालंच, तर दांडीवरची गाडी पुढच्या गाडीला ढकलू लागते. घरी आणा, स्पार्क प्लग काढा, प्रत्येक भोकात चमचाभर तेल सोडा आणि रात्रभर मुरू द्या. सकाळी फॅनचा पट्टा धरून हाताने फिरतंय का बघा.